परिचारिकेची पाठराखीण : डहाणू-तलासरीच्या रुग्णालयांतील परिचर्येसंबंधी एक विवेचन

रुग्णालयातील परिचर्या सुधारावयाची म्हणजे परिचारिकांना प्रशिक्षणास पाठवावयाचे, अशी एक सोपी समजूत आपल्या आरोग्यव्यवस्थेत दृढ झालेली आहे. परिचारिका जिल्ह्याच्या ठिकाणी चार-सहा दिवस जाते, व्याख्याने ऐकते, प्रमाणपत्र घेऊन परतते. प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात होते आणि कक्षातील काम पूर्वीप्रमाणेच चालू राहते. यात त्या परिचारिकेचा दोष क्वचितच असतो. ती जे शिकून येते ते करावयास लागणारी वस्तू कपाटात नसते, अधिकार तिच्याकडे नसतो, आणि सोबतची माणसे ते शिकलेली नसतात. प्रस्तुत लेखात परिचर्येच्या सुधारणेचा विचार कक्षातील नेतृत्व, खाटेशेजारचे मार्गदर्शन आणि संघाने एकत्र करावयाचा सराव या तीन अंगांनी केला असून, पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख, तर तलासरीची दीड लाखाच्या आसपास होती; तलासरीत दर दहा माणसांत सुमारे नऊ आदिवासी होते. वारली, कोकणा, दुबळा, कातकरी, मल्हार कोळी या समाजांची ही भूमी. पावसाळा सरल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मासेमारीच्या बोटींवर निघून जातात. त्यामुळे गरोदरपणातील तपासण्यांची नोंद एका गावी आणि प्रसूती दुसऱ्या गावी, असे वारंवार घडते. डहाणूस व कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीस ग्रामीण रुग्णालय. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीवरून जातो आणि हाताबाहेर गेलेला रुग्ण पुष्कळदा महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, सिल्वासा किंवा वलसाड येथे न्यावा लागतो. सारांश, येथील परिचारिकेपुढे जो रुग्ण येतो त्याचा पूर्वेतिहास बहुधा अपुरा असतो आणि त्याला पुढे पाठविण्याचा मार्ग लांबचा असतो. या दोहोंच्या मधला जो तास-दीड तास, तो तिचा.

हा तास कसा असतो हे कळण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. कल्पित असला तरी ग्रामीण प्रसूतिकक्षात काम केलेल्या कोणालाही तो अपरिचित वाटणार नाही. रात्रीचे दोन वाजले आहेत. एखाद्या पाड्यावरून आलेली तिसरेपणाची बाई सुखरूप बाळंत झाली आहे. कामावर एकच परिचारिका आहे आणि तिच्याकडे प्रसूतिकक्षाबरोबर बाजूचा स्त्रीकक्षही आहे. बाळ रडले, नाळ कापली, वार पडली. परिचारिका स्त्रीकक्षातील एका तापाच्या रुग्णाकडे जाऊन परतते, तो अंथरलेले कापड भिजलेले. किती भिजले? ‘जरा जास्त’. डॉक्टर निवासस्थानी आहेत. ती दूरध्वनी करते : “सर, त्या बाईंना जरा जास्त जातंय. येऊन बघता का?” पलीकडून उत्तर येते : “थोडा वेळ लक्ष ठेवा, मग सांगा.” येथे कोणीही कर्तव्यात चुकलेले नाही, आणि तरीही आधीच रक्तक्षयाने खंगलेली ती बाई हातची जाण्याच्या मार्गावर आहे.

या प्रसंगाचे नीट पृथक्करण केले तर आपला विषय उलगडतो. पहिला प्रश्न मनुष्यबळाचा. एका जागी अहोरात्र एक परिचारिका हवी असेल तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या भराव्या लागतात. एक परिचारिका आठवड्यास सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन परिचारिका झाल्या. त्यावर रजा, आजारपण व इतर अनुपस्थिती यांसाठी शेकडा तीस राखीव धरले (भारतीय परिचर्या परिषदेने हेच प्रमाण सांगितलेले आहे) की संख्या साडेचारच्या वर जाते. प्रसूतिकक्ष आणि एक सर्वसाधारण कक्ष अशा दोनच जागा अखंड सांभाळावयाच्या तर नऊ परिचारिका पाहिजेत. जेथे सहा-सातच असतात तेथे रात्री एकीने दोन कक्ष पाहणे हे गणितानेच ठरून जाते. १९४६ च्या भोर समितीने देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदविले होते. त्या मानाने आपण पुष्कळ पुढे आलो, परंतु रिक्त पदांच्या तालुक्यात या प्रगतीचा अनुभव रात्रपाळीला येत नाही. नेतृत्व, मार्गदर्शन इत्यादींची चर्चा करताना हे गणित झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागा भरण्याऐवजी कार्यशाळा घेणे हा अनेक प्रशासनांचा आवडता मार्ग आहे.

तथापि जागा भरल्याने सर्व काही सुटते असेही नाही. ‘जरा जास्त’ हा शब्दप्रयोग पाहा. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्तस्राव हा अतिस्राव समजला जातो. परंतु कापडात जिरलेले रक्त डोळ्यांनी मोजता येत नाही. यासंबंधीचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या सीमाभागातच झालेला आहे. बेळगाव जिल्ह्यात बाळंतिणीच्या खाली धरावयाची, तळाशी मापाच्या रेषा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरून रक्त मोजले गेले, तेव्हा केवळ नजरेने केलेला अंदाज पिशवीतील मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. त्याच जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आरोग्यसेविकांनी प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्याने अतिस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. औषध देणाऱ्या या आरोग्यसेविका होत्या, डॉक्टर नव्हेत. निर्णयाचा अधिकार ज्या हातांना प्रत्यक्ष काम करावयाचे आहे त्यांच्याकडे दिला तर काय घडते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

आता नेतृत्वाकडे वळू. रुग्णालयातील नेतृत्व म्हटले की वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका यांची आठवण होते. परंतु परिचर्येच्या दृष्टीने खरी नेती परिसेविका होय; रुग्ण आणि नातेवाईक जिला ‘मोठ्या सिस्टर’ म्हणतात ती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तेव्हा उमेदवार मुली कक्षात या ‘सिस्टर’च्या हाताखालीच काम शिकत असत. कक्ष हीच शाळा आणि कक्षप्रमुख हीच शिक्षिका, ही त्या रचनेतील मूळ कल्पना. आपल्याकडेही रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले, तेव्हा हे शिक्षण रुग्णाच्या उशापायथ्याशीच होत होते. रुग्णसेवा हे घरंदाज स्त्रीचे काम नव्हे अशी समजूत असलेल्या काळात घेतलेले ते धाडस होते.

आज आपल्या परिसेविकेचा दिवस कशात जातो? चादरींची मोजदाद, भांडाराकडे द्यावयाची मागणीपत्रे, मोडक्या वस्तूंच्या निर्लेखनाचे प्रस्ताव, पाळ्यांचे तक्ते आणि निरनिराळ्या कार्यक्रमांचे मासिक अहवाल. जी कक्षात सर्वांत अनुभवी तिला रुग्णापासून दूर, टेबलाशी बसविण्याची ही रीत विलक्षण म्हटली पाहिजे. तिने रोज निदान एक तास नव्या परिचारिकेबरोबर रुग्णाच्या खाटेशी काढला पाहिजे, असा नियम करावयाचा झाल्यास प्रथम तिच्यावरील लेखनकामाचा काही भार लिपिकाकडे द्यावा लागेल. दुसरी गोष्ट अधिकाराची. ऑक्सिटोसिन हे औषध दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते, नाहीतर त्याची शक्ती उतरते. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी शीतपेटीचे तापमान दोन वेळा पाहून लिहिणे, ते बिघडल्यास साठा बदलून मागणे आणि तो त्याच दिवशी मिळणे, हे परिसेविकेच्या शब्दावर झाले पाहिजे. त्यासाठी तीन सह्या लागत असतील तर तिला नेतृत्वाचे धडे देऊन उपयोग काय?

मार्गदर्शनाच्या अंगाचा विचार थोडा सविस्तर करणे इष्ट आहे. इंग्रजीत ज्या व्यक्तीस ‘मेंटर’ म्हणतात तिला ‘मार्गदर्शिका’ हा प्रतिशब्द रूढ असला तरी तो मला अपुरा वाटतो. वाट दाखविणारा दुरूनही दाखवू शकतो. आपल्याकडे लग्नानंतर मुलगी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एखादी जाणती स्त्री जाते. तिला पाठराखीण म्हणतात. ती मुलीचे काम स्वतः करीत नाही, तिला चारचौघांत टोकत नाही. परक्या घरात मुलगी बावरू नये म्हणून ती मागे उभी असते. नव्या परिचारिकेला नेमकी अशीच सोबत हवी असते. दूरच्या जिल्ह्यांतून नेमणूक होऊन आलेल्या मुलीला तलासरीचा कक्ष हे सासरच असते. रुग्णाची बोलीदेखील तिला धड कळत नाही.

अशी सोबत व्याख्यानापेक्षा श्रेष्ठ का, याचे उत्तर पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दिले आहे. परिचारिका नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच पायऱ्यांनी जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नवशिकी नियम पाळते. तज्ज्ञ स्त्री परिस्थिती समग्र ओळखते. बाळंतिणीचा चेहरा, तिची तहान, बोलण्यातील मंदपणा, हाताला लागणारा गर्भाशयाचा सैलपणा यांवरून अनुभवी परिचारिकेला रक्तदाब उतरण्यापूर्वीच शंका येते. हे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही. शेजारी उभे राहून “येथे हात ठेवून पाहा, कठीण लागते का?” असे विचारणाऱ्या व्यक्तीकडूनच ते संक्रमित होते.

डहाणू तालुक्याला ही गोष्ट नवी वाटू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षणाचे कार्य केले, त्याचे मर्म हेच होते की मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी. अंगणवाडी या शब्दाचे व कल्पनेचे मूळ तेथे आहे. परिचर्येच्या शिक्षणालाही हाच न्याय लावता येईल : परिचारिकेला कक्ष सोडून दूर बोलावण्याऐवजी शिक्षण कक्षात न्यावे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर, आरोग्यसेविका आठवड्याने केंद्रात जमत आणि गेल्या आठवड्यातील आपापल्या रुग्णांविषयी बोलत, त्यावरून शिकत. एकदाच दिलेले दीर्घ प्रशिक्षण आणि थोडे थोडे पण अखंड चालणारे शिक्षण यांतील अंतर तेथे स्पष्ट दिसले. अलीकडे उत्तर कर्नाटकात आणि बिहारमध्ये अनुभवी परिचारिकांना याच कामासाठी नेमून आरोग्य केंद्रांवर पाठविण्याचे मोठे प्रयोग झाले. बिहारमध्ये त्या जोडीने जात आणि प्रसूतीतील आणीबाणीचे प्रसंग अभिनयाने उभे करून संघाकडून सराव करवून घेत.

परंतु येथे उत्साहाला आवर घालणारा एक पुरावा अभ्यासकांनी विसरू नये. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यसंस्थांत सुरक्षित प्रसूतीच्या तपासणीसूचीचा एक भव्य प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या संस्थांत प्रशिक्षित मार्गदर्शक आठ महिने, प्रथम वारंवार व नंतर विरळ, भेटी देत राहिले. दोन महिन्यांनंतर पाहिले तेव्हा आवश्यक कृती पार पाडण्याचे प्रमाण त्या संस्थांत शेकडा ७२.८ होते, इतर संस्थांत ४१.७. म्हणजे सोबतीचा गुण आलाच. भेटी थांबून काही महिने लोटल्यावर, बाराव्या महिन्यात, हेच प्रमाण ६१.७ व ४३.९ असे झाले. आणि माता व अर्भकांचे मृत्यू तसेच मातांच्या गंभीर व्याधी यांचे एकत्रित प्रमाण? ते दोन्हीकडे जवळजवळ सारखे, शेकडा पंधरा होते. पाठराखीण चार दिवसांनी माहेरी परतते. ती परतल्यानंतर घरात कोण आहे यावर पुढचे अवलंबून असते.

याच्या उलट टोकाचा प्रयोग केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या चार देशांतील रुग्णालयांत झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाखांहून अधिक प्रसूतींचा समावेश होता. तेथे वीस-तीस कृतींची सूची नव्हती, एकच संकट निवडले होते : प्रसूतीनंतरचा अतिस्राव. वर वर्णन केलेल्या धर्तीच्या मापाच्या पिशवीने रक्त मोजावयाचे. मर्यादा ओलांडताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव आणि रक्तस्रावाच्या कारणाची तपासणी हे सर्व एकामागून एक वाट न पाहता एकाच वेळी सुरू करावयाचे. यासाठी सर्व साहित्य लावून ठेवलेली एक ढकलगाडी, कक्षातल्या कक्षात थोडक्या वेळाचा सराव, महिन्याच्या महिन्यास आकड्यांची चर्चा आणि प्रत्येक रुग्णालयात या कामाची धुरा वाहणारी परिचारिका व डॉक्टर अशी योजना होती. परिणाम असा की गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण शेकडा ४.३ ऐवजी १.६ भरले. अतिस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण एरवी निम्मे, तर तेथे शेकडा ९३ होते.

दोन प्रयोगांत देश, संस्था, मोजलेली फलिते सर्वच निराळे असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे उघड आहे. तरीही माझे मत असे की दुसऱ्यात तीन गोष्टी एकत्र आल्या, ज्या पहिल्यात पुरेशा आल्या नाहीत : मोजता येणारी एकच खूण, ती दिसताच कोणाच्या परवानगीवाचून उपचार सुरू करण्याची मुभा, आणि बाहेरचा मार्गदर्शक गेल्यानंतरही कक्षातच राहणारी प्रमुख. नेतृत्व, सोबत व संघाभ्यास हे तीन पर्याय नव्हेत. एकावाचून दुसरा लंगडा पडतो.

संघाभ्यासाविषयी आता थोडे. ‘संघ’ म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका एवढीच गणना केली जाते. वास्तविक रात्री परिचारिकेच्या जोडीला जी असते ती कक्षसेविका, सर्वांची ‘मावशी’. आपल्या भागात पुष्कळदा ती जवळच्याच गावची असते आणि रुग्णाची बोली तिलाच नीट समजते. ‘अंधारी येते’, ‘जीव घाबरा होतो’ अशा अर्थाचे बाळंतिणीचे शब्द प्रथम मावशीच्या कानी पडतात. ते तिने ताबडतोब आणि निःसंकोचपणे सांगावे, ढकलगाडी कोठे आहे हे तिला अंधारातही ठाऊक असावे, ‘मावशी, गाडी आणा’ असे सांगताच ‘गाडी आणते’ असे तिने मोठ्याने परत म्हणावे, म्हणजे सांगितलेले ऐकले गेले याची खात्री होते. असा सराव पंधरा मिनिटांचा असतो. तो पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे हजर असताना करता येतो. यासाठी पुतळ्यांची गरज नाही. उशीला कापड गुंडाळूनही काम भागते. वाहनचालकालाही त्यात घेतले तर अधिक बरे, कारण सिल्वाशाकडे निघण्यास लागणारा वेळ त्याच्या हातात असतो.

दूरध्वनीवरील संभाषण हाही सरावाचाच विषय आहे. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांत वरिष्ठांना थोडक्यात माहिती देण्याची एक पद्धत होती. तीच कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या वैद्यकीय संस्थेने रुग्णालयांत आणली. प्रथम सद्यःस्थिती, मग पूर्वपीठिका, मग आपला अंदाज, शेवटी आपली मागणी, असा तिचा क्रम. वरील प्रसंगातील परिचारिकेने असे बोलावे : “सर, प्रसूतिकक्षातून बोलते आहे. अर्ध्या तासापूर्वी बाळंत झालेल्या बाईंचा रक्तस्राव सहाशे मिलिलिटर झाला आहे, थांबलेला नाही. तिसरी खेप आहे, हिमोग्लोबिन साडेसात होते. गर्भाशय सैल लागते आहे. ऑक्सिटोसिन दिले, सलाईन लावले, ट्रॅनेक्झॅमिक देते आहे. आपण आत्ताच यावे. रुग्णवाहिकेला सांगून ठेवते.” या बोलण्यात ‘सर’ आहे, ‘आपण’ आहे, अदब कोठेही सुटलेली नाही. परंतु ‘थोडा वेळ लक्ष ठेवा’ या उत्तराला येथे जागाच उरत नाही. आपल्याकडे संकोचामुळे मागणी शेवटी गिळली जाते, म्हणून हा चौथा भागच सर्वांत जास्त वेळा घोकावा लागतो. डॉक्टरांनीही त्या सरावात भाग घेतला पाहिजे. एकट्या परिचारिकांना स्पष्ट बोलावयास शिकवून डॉक्टरांना ऐकावयास न शिकविणे यातून कक्षात कटुता मात्र वाढते.

भारत सरकारने २०१७ च्या डिसेंबरात प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यात अशा सरावास व मार्गदर्शनास स्थान दिलेले आहे. अडचण आदेशाच्या अभावाची नाही. शिकलेली परिचारिका बदलून जाते, कंत्राटावरील परिचारिका मुदत संपताना अन्य नोकरी शोधत असते, आणि वर्षभरात कक्षातील निम्मे चेहरे नवे होतात. अशा ठिकाणी ज्ञान व्यक्तीकडे न राहता रीतीत राहिले पाहिजे. नव्या परिचारिकेची रात्रपाळी पहिले काही आठवडे एकटीने नसावी. ढकलगाडीची मांडणी एकच असावी. आणि बदलीचा आदेश निघण्यापूर्वी जाणाऱ्या परिसेविकेने येणारीबरोबर काही दिवस काढावेत. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत कमी खर्चाची आणि, बदल्यांची आपली रीत पाहता, सर्वांत अवघड आहे.

विद्यापीठातील अभ्यासकांना या दोन तालुक्यांत करण्यासारखे काम पुष्कळ आहे. प्रशिक्षण किती जणींना दिले याची मोजणी प्रशासन करतेच. आपण प्रसूतिकक्षात रात्री बसून वेगळ्या गोष्टी टिपाव्यात : मूल जन्मल्यापासून किती मिनिटांनी ऑक्सिटोसिन टोचले गेले, रक्त मोजले की नजरेने ठरविले, अतिस्राव प्रथम कोणाच्या लक्षात आला, पहिला दूरध्वनी केव्हा झाला, आणि रुग्णवाहिका फाटकाबाहेर केव्हा पडली. रुग्णालयातील नोंदवहीत या वेळांसाठी रकाने नसतील तर ते प्रथम परिसेविकेच्या सल्ल्याने आखून घ्यावे लागतील, आणि निदान वर्षभर, स्थलांतराच्या हंगामासह, भरले जावे लागतील.